विकलेल्या गाडीचं दावं

माझ्या डाव्या तळहाताला मधोमध एक गोल घट्टा पडलाय. गेल्या आश्विनापासूनचा. तसा तो दुखत नाही. पण कोपऱ्यावरच्या फुलवालीकडं झेंडूचे ढीग दिसायला लागले, मंडईत ओल्या भुईमुगाच्या शेंगांचा मातकट वास यायला लागला, की तो हुळहुळतो. बायको म्हणते, मलम लावा. लावतो. मलमानं जाणारं असतं तर काय पाहिजे होतं.

यंदाही आश्विन आलाय. खंडेनवमी चार दिवसांवर. आमच्याकडं खंडेनवमीला घरात लोखंडाचं जे जे म्हणून आहे ते बाहेर येतं. विळी, अडकित्ता, माझे पान्हे, बायकोचं शिवणयंत्र, लेकीची सायकल. लेक पुण्यात नोकरीला, सायकल इथंच. आणि सगळ्यात शेवटी मागच्या पत्र्याच्या शेडमधनं ती. रॉकेलचा बोळा घेऊन मी तिच्याशेजारी पाटावर बसलो की बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतनं म्हणते, बसले सवतीला न्हाऊ घालत. बोलण्यात राग नसतो. पहिल्या वर्षी होता, नंतर तो सवयीनं झिजला.

ती म्हणजे मोटारसायकल. अमेरिकन. मोठ्या लढाईत लष्करासाठी केलेली, लढाई संपल्यावर मोडीत काढलेल्यांतली एक. दोन सिलेंडर एकमेकांकडं पाठ करून बसल्यासारखे तिरके. क्लच पायात, गियर हातात. टाकीच्या डाव्या अंगाला लोखंडी दांडा आणि त्याच्या टोकाला काळी मूठ, मोठ्या लिंबाएवढी. ती डाव्या हातात धरायची, पायानं क्लच दाबायचा आणि दांडा पुढं-मागं करायचा. शिकताना मी रंकाळ्याच्या कडेला तीन वेळा पडलो. कंपनीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. नाव घेतलं की लोक गाडीचंच विचारत बसतात आणि मला जे सांगायचंय ते राहून जातं.

ह्या कंपनीचं वेड लहानपणचं. वडील उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर होते. डबा द्यायला गेलो की ऑफिसच्या भिंतीवर एक कॅलेंडर दिसायचं, कितीतरी वर्षांपूर्वीचं, तारखा फाटून गेलेल्या, वर नुसतं चित्र. लांबलचक रस्ता आणि त्यावर ही गाडी. वडिलांच्या अंगाला काळ्या मातीचा नि तापलेल्या बिडाचा वास असायचा. त्यामुळं असेल, मला अमेरिकासुद्धा तशाच वासाची वाटायची. पुढं रद्दीच्या दुकानांतनं मासिकं जमवली. आता फोन आहे. रोज सकाळी चहाबरोबर फोन मला तिची नवीन भावंडं दाखवतो. ह्या वर्षी काय रंग आला, कुठलं इंजिन पाण्यानं गार होतं, विजेवर चालणारी आली ती कशी गप्प पळते. आमच्या रस्त्यांना नि आमच्या खिशाला परवडावी म्हणून केलेलं लहान मॉडेलही निघालं. घेणार एकही नाही. भाचरांची लग्नं लागली की आत्या कशी लांबून चौकशी करते, तसं माझं चाललेलं असतं.

पोटासाठी मी विम्याचा सर्व्हेअर. ठोकर बसलेली गाडी बघायची, आणि कुठला भाग आत्ता मोडला, कुठला आधीच मोडलेला होता ते लिहून द्यायचं. जुना दिवा लावून नवा फुटला म्हणणारे, स्वस्तातला भाग घालून कंपनीचा होता म्हणणारे, असे कित्येक पकडले. खरं-खोटं मला हात लावताच कळतं, अशी बाजारात माझी ख्याती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

तो आश्विन बारा वर्षांपूर्वीचा. पाऊस गेला गेला म्हणेपर्यंत परत येऊन जात होता. कोडोलीत एका ट्रॅक्टरचा सर्व्हे होता. वाघबिळाचा चढ चढताना एका बाजूला पन्हाळा, त्याच्या माथ्यावर ढग टेकलेला, आणि खाली ऊसच ऊस, नुसता हिरवा. ट्रॅक्टर ज्याचा त्यानं माझं मोटारसायकलचं वेड ऐकलं आणि म्हणाला, आमच्या गल्लीत गणपा तात्याच्या गोठ्यात एक जुनाट धूड हाय, बघून जावा.

गोठ्यात दोन जर्सी गायी रवंथ करत होत्या. शेणाचा, पेंडीचा, ओल्या कडब्याचा वास. तिसऱ्या दावणीला, जिथं बैल असायला पाहिजे तिथं, ती उभी होती. हांडेलवर झेंडूची माळ, दिव्याला हळदीकुंकू. त्या दिवशी खंडेनवमी होती हे कामाच्या गडबडीत मी विसरलेलो. टाकीला लष्करी हिरवा रंग अजून पोपड्या-पोपड्यांनी चिकटून होता, सीट उंदरांनी कुरतडलेली, इंजिन जाम. पण सगळं जिथल्या तिथं. एक नट इकडचा तिकडं नाही. असल्या गाड्या मी चित्रात बघितल्या होत्या, त्यातल्याही अर्ध्यांना कुणी ना कुणी हात लावलेला. हिला फक्त हळद लागलेली.

गणपा तात्या तेव्हा सत्तरीचे. उंच, कानात बाळी, आवाज असा की शेजारच्या गल्लीतला माणूस ओ देईल. त्यांच्या वडिलांनी ती एका निवृत्त लष्करी माणसाकडनं घेतलेली. तात्यांनी पंचवीस-तीस वर्षं हाणली. बाजार, दूध, पन्हाळ्याला कचेरीत हेलपाटे, सगळं हिच्यावर. त्यांच्या बायकोचं, काकींचं, माहेर मलकापूर. लग्न झालं तेव्हा वऱ्हाड ट्रकमधनं आलं नि नवराबायको हिच्यावरनं. मलकापूर सोडलं नि पावसानं गाठलं, शालूचा रंग टाकीवर उतरला, आणि घरी आल्यावर सासूनं आधी गाडी पुसली मग मला ओवाळलं, असं काकींनी मला चहा देता देता सांगितलं. हे सांगताना त्या तात्यांकडं न बघता गाडीकडं बघत होत्या.

विकायची का, तर पोराला गोठा वाढवायचा होता, आणखी चार गायी यायच्या होत्या. मोडीवाला दोनदा येऊन गेला होता. तात्यांनी त्याला हाकलला होता. मला मात्र त्यांनी अर्धा तास गाडीभोवती फिरू दिलं. मी कुठल्या भागाला हात लावतो, कसा लावतो, ते बघत उभे राहिले. मग म्हणाले, न्या तुम्ही. किमतीचं बोलणं दोन वाक्यांत संपलं. मला वाटलं, आजवर कॅलेंडरकडं बघत बसलो, त्याचं हे फळ.

दसरा झाल्यावर टेम्पो घेऊन गेलो. गाडी चढवायच्या आधी तात्या पुढं झाले. दांड्यावरची ती काळी मूठ त्यांनी पिळून पिळून काढली आणि आपल्या बंडीच्या खिशात टाकली.

मी म्हटलं, तात्या, हे काय?

"दावं," तात्या म्हणाले. "बैल इकला तर कासरा-दावं देतोय व्हय कुनी? जनावर जातंय, दावं घरात ऱ्हातंय. न्हायतर गोठ्याची लक्षुमी त्याच्यामागनं जाती."

ही चाल मला ठाऊक नव्हती असं नाही. जनावराच्या बाजारात विकणारा आपली दोरी सोडून घेतो आणि घेणारा आपली नवी बांधतो, हे आपल्याकडं कुणालाही माहीत. पण मोटारसायकलीचं दावं? मी हसलो. हसायला नको होतं. तात्या हसत नव्हते. बैल गेले, औत गेलं, ट्रॅक्टर आला. त्यांच्या लेखी त्या गोठ्यातलं त्यांच्या वेळचं शेवटचं जनावर त्या दिवशी टेम्पोत चढत होतं. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त एवढं दिसत होतं की माझ्या गाडीचा एक मूळ भाग एका म्हाताऱ्याच्या खिशात चाललाय.

आणि भाग तरी कसला. कारखान्यात बसवलेली, त्या काळच्या कडक काळ्या प्लास्टिकसारख्या मसाल्याची मूठ, एका अंगाला टवका उडालेला. पन्हाळ्याच्या उतारावर तात्या घसरले होते तेव्हाचा. बरोबर अंगठा बसावा असा तो टवका झाला होता. मी टेम्पो थांबवला आणि तात्यांना म्हटलं, दोन दिवसांसाठी मूठ द्या. उद्यमनगरात माप घेऊन तशीच दुसरी करवतो, ती गाडीला लावतो, आणि तुमची तुम्हाला आणून देतो.

देवाशपथ सांगतो, तेव्हा माझ्या मनात खोट नव्हती. नंतर मी हे स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता माझाच त्यावर विश्वास बसत नाही. तात्यांनी मूठ खिशातनं काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, पावणं, सांभाळून.

उद्यमनगरात यासीन मिस्त्री होते, वडिलांच्या वेळचे. लेथवर त्यांचा हात असा की मापाला यंत्रापेक्षा त्यांचं बोट खरं. त्यांनी काळा रॉड शोधून आणला, त्यातनं मूठ काढली, आटे पाडले. मग मूळची उन्हात धरून बराच वेळ तो टवका न्याहाळला आणि नवीला तसाच कानशीनं पाडला. शेवटी तेल नि काजळी चोळून तिचा नवेपणा मारला. दोन्ही मुठी पत्र्याच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा मी, खरं-खोटं हातानं ओळखणारा माणूस, गोंधळलो. मिस्त्री खूश झाले. बांधून देताना म्हणाले, कागदातली म्हाताऱ्याची, फडक्यातली तुमची. उलटंपालटं करू नका.

कोडोलीला जाताना वाघबिळाच्या चढावर मी स्कूटर कडेला घेतली. तिथं दगडावर बसून दोन्ही पुड्या सोडल्या. म्हटलं, तात्या तिचं करणार काय? गोठ्यात खुंटीला टांगणार. धूळ खाणार. गायीची शेपटी लागून एखाद दिवस शेणात पडणार. ज्या वस्तूची जगात किंमत आहे ती शेणात कशाला. म्हाताऱ्याला दावं पाहिजे, दावं मिळतंय. ह्या सगळ्या विचाराला फार तर पाच मिनिटं लागली असतील. मी काय पकडला जाणार नव्हतो. फडक्यातली कागदात बांधली, कागदातली फडक्यात.

तात्यांनी पुडी सोडली. मूठ डाव्या तळहातात घेतली, बोटं मिटली, परत उघडली. अंगठा टवक्यावर ठेवला. मग माझ्याकडं बघितलं. जरा जास्त वेळ बघितलं असं मला वाटलं, पण चोराच्या मनात चांदणं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. तात्या म्हणाले, बसा, च्या घ्या. मी च्या घेतला. गोड होता, गुळाचा. अजून जिभेवर आहे.

तेवढ्यावर हे संपलं असतं तर मी विसरून गेलो असतो. माणूस सगळं विसरतो. पण पुढच्या आश्विनात तात्यांचा फोन आला. खंडेनवमीला या म्हणाले, दावं पुजायचं हाय, गाडीचा मालक पायजे. मी गेलो. गोठा वाढलेला, सहा गायी, पंखे, दुधाचं मशीन. पण देवळीजवळ भिंतीत तात्यांनी एक लाकडी फळी बसवून घेतली होती. त्या फळीवर लाल कापड आणि त्यावर मूठ. उद्यमनगरातली. तिला तात्यांनी तेल लावलं, हळद लावली, झेंडूचं फूल ठेवलं. डोळे मिटले. काकी मागं हात जोडून उभ्या. मीही जोडले. माझ्या शेडमध्ये गाडीच्या दांड्यावर खरी मूठ होती आणि इथं मी खोटीपुढं डोळे मिटून उभा होतो. मला आठवतंय, मला घाम सुटला. काकींनी पंख्याचा वेग वाढवला.

मग दर वर्षी हे झालं. खंडेनवमी आली की फोन, फोन आला की वाघबीळ, वाघबिळात तो दगड. मी नेहमी काही ना काही घेऊन जायचो. पेढे, फळं, एकदा तात्यांना गरम बंडी, एकदा काकींना साडी. अपराधी माणूस रिकाम्या हातानं जात नाही. दारात पाऊल टाकलं की तात्या पहिल्यांदा माझ्या पिशवीकडं बघायचे. "काय आनलंईस?" असं विचारायचे. मी पेढे म्हणायचो. "बरं," म्हणायचे, आणि पिशवी न उघडताच काकींकडं द्यायचे. मला वाटायचं, म्हातारा वयानं लहान मुलासारखा झालाय, खाऊची वाट बघतो. माझी अक्कल बघा.

चौथ्या वर्षी गाडी चालू झाली. दोन वर्षं इंजिन उघडून बसलो होतो, सुटे भाग कुठनं कुठनं मागवले होते. खंडेनवमीला तिच्यावर बसूनच कोडोलीला गेलो. लांबूनच आवाज ऐकून तात्या गल्लीच्या तोंडाला येऊन उभे होते. पोरं जमली. काकींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, सुनेकडनं चाकावर पाणी घातलं. मी म्हटलं, तात्या, बसा, गियरला हात लावा. तात्या पुढं आले. डावा हात मुठीच्या वर आणला. वीतभर अंतरावर तो हात थांबला. तसाच थांबला. मग त्यांनी तो मागं घेतला आणि म्हणाले, नगं, माझं दावं आत फळीवर हाय. मागच्या सीटवर बसले, मी त्यांना वारणेच्या पुलापर्यंत फिरवून आणलं. सगळ्या वाटेत त्यांचा डावा हात माझ्या खांद्यावर होता.

त्याच वर्षी जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात तिला बक्षीस मिळालं. सगळे भाग मूळचे, असं प्रशस्तिपत्रावर लिहिलंय. परीक्षकानं वाकून मुठीवर नख वाजवून बघितलं आणि मान डोलावली. टवक्याला हात लावून म्हणाला, अशी खूण बनवता येत नाही. मी म्हटलं, नाही येत. प्रशस्तिपत्र फ्रेम करून आणलं. बायकोनं खिळा कुठं मारू विचारलं, तर मी म्हटलं, राहू दे. ते अजून कपाटाच्या मागं भिंतीकडं तोंड करून उभं आहे.

लेकीकडं गेलो की पुण्यात कंपनीच्या दुकानात चक्कर मारतो. काचेच्या आत, गार हवेत नवीन मॉडेलं रांगेत उभी असतात. विकणारा तरुण मुलगा ओळखीचा झालाय, घेणार नाही हे त्याला माहीत आहे, तरी बसून बघा काका म्हणतो. मागच्या खेपेला एक मॉडेल असं आलेलं की टाकीचा आकार जुना, रंग तोच लष्करी हिरवा, सीटसुद्धा तशीच फुगीर. आत सगळं संगणकाचं. मुलगा म्हणाला, काका, हुबेहूब तुमच्या गाडीचा अनुभव. मी बसलो. डावा हात आपसूक टाकीच्या कडेला गेला आणि तिथं काहीच नव्हतं, गुळगुळीत पत्रा. कंपनी आपलीच नक्कल करते आणि ती नक्कल आहे असं उजळ माथ्यानं सांगून विकते. त्यात काही वावगं नाही. घेणाऱ्याला माहीत असतं आपण काय घेतोय. माझ्या तात्यांना मी ते सांगितलं नव्हतं, एवढाच काय तो फरक. त्या गार दुकानात मला तो फरक सहन होईना. मुलगा पाणी आणायला गेला तेवढ्यात मी बाहेर पडलो.

ही गोष्ट गेल्या वर्षी श्रावणातली. त्याच सुमाराला कळलं की तात्यांना एका डोळ्यानं दिसेनासं झालंय, दुसऱ्याचंही खरं नाही. मग मी ठरवलं, की ह्या खंडेनवमीला खरी परत ठेवायची. सांगायचं मात्र नाही. सांगायची छाती नव्हती. पूजेच्या वेळी कुणी आत-बाहेर झालं की फळीवरची उचलायची आणि खिशातली तिथं ठेवायची. तात्यांना दिसणार नाही. जशी चोरी केली तशीच ती फेडायची, गुपचूप. ह्यातही मला काही चूक वाटली नाही. वाघबिळाच्या दगडाजवळ तर मी मनात म्हटलंसुद्धा, चला, ओझं उतरलं.

खरी मूठ खिशात घेऊन जायची म्हणून स्कूटरनंच गेलो. काकी ओवाळणीचं ताट आणायला आत गेल्या, सून गायींकडं होती. तात्या खुर्चीत, मान खाली. मी अदलाबदल केली. फळीवरची खिशात टाकली. मग ताट आलं. तात्या उठले, चाचपडत फळीपाशी आले, तेलाचं बोट लावायला मूठ डाव्या हातात घेतली.

आणि थांबले.

बोटं मिटली, उघडली. अंगठा टवक्यावर फिरला. गोठ्यात पंखा फिरत होता, दुधाचं मशीन चालू होतं. तात्यांनी काकींना म्हटलं, तू जरा भाईर जा. काकी ताट खाली ठेवून गेल्या.

"माजी कुठं हाय?" तात्या म्हणाले.

मी म्हटलं, तात्या, हीच तुमची. हीच मूळची. अकरा वर्षांपूर्वी मी... आणि मग सगळं सांगितलं. मिस्त्री, कागद, फडकं, दगड. मान वर करून सांगता येईना, म्हणून गायीच्या खुरांकडं बघत सांगितलं. त्यांनी एक थोबाडीत द्यावी असं मला वाटत होतं. तसं त्यांनी केलं असतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

"ठावं हाय मला," तात्या म्हणाले. "पुडी सोडली तवाच कळलं. निम्म्या जन्माची मूठ, हाताला कळत न्हाय व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

तात्यांनी ती अधू नजर माझ्या बाजूला, पण माझ्यावर नाही, अशी ठेवली.

"वाटलं, आनशील," ते म्हणाले. "पैल्या सालाला वाटलं, ह्या खंडेनवमीला आनतोय. मग दुसऱ्या. दर साली पिशवीकडं बगत हुतो की."

अकरा वर्षांचे पेढे माझ्या घशात आले. पिशवीकडं बघणारा म्हातारा, न उघडता आत जाणारी पिशवी, ते बरं. गाडीवर वीतभर थांबलेला हात. सगळं एकदम कळलं, आणि कळून उपयोग नव्हता. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी धरू दिले, पण हात माझ्या डोक्यावर ठेवला नाही.

म्हटलं, आता घ्या तात्या. उशीर झाला, पण घ्या.

"नगं." त्यांनी मूठ पुढं केली. "ती दे माजी. खिशातली."

मी दिली. त्यांनी ती तळहातात धरली, अंगठा ठेवला आणि त्यांचा चेहरा सैल झाला. म्हणाले, ह्या मिस्त्रीच्या पोरीला अकरा दसरं हळद लावलीया. आता हात हिलाच बसलाय. दावं म्हंजी काय, दोरी असती व्हय? मागं ऱ्हातंय ते दावं. तुजी तुला ठेव.

मग त्यांनी काकींना हाक मारली, पूजा केली, तेल, हळद, झेंडू, सगळं नेहमीसारखं. काकींनी च्या दिला. गुळाचा. काकींनी काही विचारलं नाही, त्यांना कधीचं ठाऊक असावं. निघताना तात्या दारापर्यंत आले नाहीत. त्यांना दिसत नाही म्हणून असेल, असं मी वाघबीळपर्यंत स्वतःला समजावत आलो.

घरी आल्यावर मूळची मूठ दांड्याला परत लावायला गेलो तर लावता येईना. आटे बरोबर बसत होते, माझाच हात फिरेना. ज्याची होती त्याला ती नको, आणि मला ती आपली म्हणता येत नाही. कपाटाच्या खणात लेकीच्या जुन्या दप्तराशेजारी ठेवलीय. दांडा तेव्हापासून मोकळा. गाडी चालवताना गियर टाकायचा म्हणजे त्याचे आटे थेट तळहातात रुततात. मिस्त्रींचा मुलगा म्हणाला, काका, दहा मिनिटांत दुसरी करून देतो. मी नको म्हटलं. यंदाच्या मेळाव्यातही त्या परीक्षकानं विचारलं, मूठ कुठं गेली हो तुमची, केवढी सुंदर होती. मी म्हटलं, आमच्याकडं विकणारा दावं देत नाही. तो हसला. मी त्याला हसू दिलं.

कालच फोनवर कंपनीचं पुढच्या वर्षीचं मॉडेल बघितलं. चांगलं आहे. बघता बघता तात्यांचा फोन आला. मला वाटलं होतं, ह्या वर्षी येणार नाही. गेले आठ दिवस फोन वाजला की मी आधी नाव बघत होतो. आवाज बारीक झालाय, पलीकडच्या गल्लीत आता ऐकू जायचा नाही. खंडेनवमीला येतोस न्हवं, म्हणाले. मी म्हटलं, येतो तात्या, काय आणू? इतक्या वर्षांची सवय, तोंडातनं निघून गेलं. पलीकडं गाय हंबरली, कुणीतरी बादली ठेवली.

"काय नगं," तात्या म्हणाले. "मोकळ्या हातानं ये."